पडद्यावरचं हसू

श्रोतेहो, कळसूत्री बाहुलीचे हातपाय दोरीनं हलतात. पण चित्रपटासाठी संगणकावर घडवलेल्या बाहुलीला हसवायचं कसं? तिच्या चेहऱ्यालाही दोऱ्याच असतात म्हणा ना, फक्त त्या दिसत नाहीत. एक भुवई उचलते, एक ओठाचा कोपरा ओढते.

१९७८ साली एकमन व फ्रीझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. ती यादी समोर ठेवून पुष्कळ कारागीर या दोऱ्या बांधतात. ओठांचे कोपरे वर ओढणारी बारावी. गाल उचलून डोळे बारीक करणारी सहावी. नुसती बारावी ओढली, तर तोंड हसतं, डोळे कोरडेच राहतात. सहावी जोडली, की चेहरा खुलतो.

गुरुजनहो, उद्या वर्गात शिरताना तुमच्याही दोन्ही दोऱ्या हलू द्या!