तेरा जणी कुठून आणायच्या?

(पवई येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात पाणी आहे, रेशन आहे, केसेसचा आढावा आहे. त्यात फुटबॉल कुठून आला, असं दोघीतिघींनी विचारलं. विचारणं रास्त आहे. वस्तीतल्या मुलींना आठवड्यातून तीन दिवस मैदान मिळावं म्हणून आपण अर्ज करणार आहोत. त्या अर्जात काय लिहायचं ते आज ठरायचं आहे. त्याआधी मला एका सामन्याची हकीगत सांगायची आहे. तो सामना झालाच नाही.

२३ जानेवारी २०२२, रविवार. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिलांच्या आशिया चषक स्पर्धेत भारताचा सामना तैवानशी होता, खेळाच्या जगात त्यांना चायनीज तैपेई म्हणतात. बारा देश या स्पर्धेसाठी आपल्याकडे आले होते. सामने नेरूळला, पुण्यात बालेवाडीला आणि इथे शेजारी अंधेरीच्या क्रीडा संकुलात. पवईहून अंधेरी किती लांब, तुम्हीच सांगा. तरी आपल्यापैकी किती जणींना ही स्पर्धा झाल्याचं माहीत होतं? प्रेक्षकांना प्रवेश नव्हता हे खरं, करोनाची तिसरी लाट होती. पण पुरुषांचं क्रिकेट बंद दाराआड झालं तरी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला स्कोअर माहीत असतो.

तर, सामन्याला आपला संघ उतरला नाही. तेवीस जणींच्या पथकातल्या डझनभर मुलींना करोनाची लागण झाली होती, शिवाय काही जखमी होत्या. स्पर्धेचा नियम असा होता की किमान तेरा खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत तर त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं समजायचं. सामना हरलात असं नाही, स्पर्धाच सोडलीत असं! आपल्या मुलींनी काहीही सोडलं नव्हतं. पण कागदावर 'माघार' हाच शब्द आला. २० तारखेला इराणशी झालेला बरोबरीचा सामनाही हिशोबातून काढून टाकला. २६ जानेवारीला चीनशी खेळायचं होतं, तेही गेलं. यजमान देश आपल्याच घरच्या स्पर्धेतून बाहेर.

आता ही स्पर्धा किती मोलाची होती ते बघा. २०२३ च्या विश्वचषकाची दारं इथूनच उघडणार होती. चार-चार संघांचे तीन गट. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघी पुढे, शिवाय तिसऱ्या आलेल्यांपैकी चांगल्या दोघी पुढे. उपांत्य फेरी गाठली तर थेट विश्वचषक. उपांत्यपूर्व फेरीत हरलं तरी प्ले-ऑफ, म्हणजे हरलेल्यांना आपसात खेळून शेवटची जागा मिळवायची संधी. भारतीय महिला संघ आजवर एकदाही विश्वचषक खेळलेला नाही. चीनशी हरलो असतो तरी तैवानला हरवून दार किलकिलं होण्यासारखं होतं. मुलींनी त्यासाठी कित्येक महिने शिबिरात काढले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या ब्राझीलला जाऊन खेळून आल्या. ब्राझीलकडून १-६ हरल्या, पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणने ब्राझीलच्या भूमीवर मारला होता.

लागण कुठून झाली? संघाचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी जाहीरपणे सांगितलं की ती हॉटेलच्या कर्मचाऱ्यांतून आली आणि त्यांच्या चाचण्या वेळेवर झाल्या नाहीत. आशियाई महासंघाने हा दोष मान्य केला नाही. कोण खरं, हे मला इथे ठरवायचं नाही. पण त्या वेळी 'बायो-बबल' असा शब्द वापरायचे. म्हणजे खेळाडूंभोवती एक फुगा, आतल्यांनी बाहेर जायचं नाही, बाहेरच्यांनी आत यायचं नाही. आणि त्या फुग्यात चादरी कोण बदलत होतं? भांडी कोण घासत होतं? आपल्यातल्या बऱ्याच जणी या टॉवरांमधून घरकाम करतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. २०२० मध्ये आधी फाटक बंद, पगाराचं नाव नाही. मग गरज पडली तसं फाटक उघडलं, पण लिफ्ट वेगळी आणि तापाची तपासणी फक्त बाईची. साहेब विमानाने कुठून आले हे कोणी विचारत नव्हतं. काम करणारी माणसं फुग्याच्या आत आहेत की बाहेर हे मालकांना कधी ठरवताच आलेलं नाही. काम हवं तेव्हा आत, जबाबदारी आली की बाहेर.

हे विषयांतर झालं, पण अगदीच नाही.

मी पुन्हा त्या तेरा आकड्याकडे येते. फुटबॉलचा मूळ नियम असा आहे की एका बाजूला किमान सात खेळाडू असले तरी सामना सुरू करता येतो. सात! तेरा हा आकडा करोनासाठी म्हणून बनवलेला होता. आणि त्याच महिन्यात आफ्रिकेत काय चाललं होतं पाहा. कॅमेरूनमध्ये पुरुषांची आफ्रिका चषक स्पर्धा होती. तिथल्या महासंघाने नियम केला होता की अकरा जण उभे राहत असतील तर खेळायचं, गोलरक्षक नसला तरी खेळायचं. आपला सामना रद्द झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ जानेवारीला, कोमोरोस नावाचा हिंदी महासागरातला चिमुकला बेटांचा देश यजमान कॅमेरूनसमोर उभा राहिला. त्यांचा एक गोलरक्षक जखमी, बाकीचे करोनाने बाद. त्यांनी बचावफळीतल्या एका खेळाडूला, शाकेर अल्हादुरला, गोलात उभं केलं. सामन्याच्या सुरुवातीलाच कर्णधाराला लाल कार्ड मिळालं, मग दहाच उरले. तरी १-२ असे लढून हरले. जगभरच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

आजारी मुलींना मैदानात उतरवायला हवं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या ठणठणीत होत्या त्यांचाही जीव महत्त्वाचा. मुद्दा इतकाच की आकडा देवाने दिलेला नव्हता. एका खंडातल्या माणसांनी बसून अकरा ठरवला, दुसऱ्या खंडातल्या माणसांनी तेरा. सामना चार दिवस पुढे ढकलू असंही ठरवता आलं असतं. नियम करणाऱ्या टेबलाभोवती कोण बसलं होतं, आणि ज्यांच्याकडे बाविसावी-तेविसावी खेळाडूसुद्धा मोठ्या कष्टाने जमते त्यांचा विचार कोणी केला होता का, हा आपला प्रश्न आहे.

आता आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून मला स्वतःला फार बरं वाटतं. त्याच स्पर्धेत व्हिएतनामचा संघही करोनाने पोखरलेला आला होता. स्पेनमधल्या सराव शिबिरातच त्यांच्या बऱ्याच जणींना लागण झाली, काही मागे राहिल्या, उशिरा येऊन मिळाल्या. पहिले दोन सामने ते दक्षिण कोरिया आणि जपानकडून ०-३, ०-३ असे हरले. म्यानमारशी २-२ बरोबरी. उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून १-३. म्हणजे तोपर्यंत एकही सामना जिंकलेला नाही! पण संघ स्पर्धेत टिकून होता, आणि दरम्यान आजारी मुली एकेक करून परतत होत्या. मग आला तो प्ले-ऑफ. थायलंडला २-० हरवलं, ६ फेब्रुवारीला तैवानला २-१ हरवलं, आणि व्हिएतनामच्या बायका पहिल्यांदा विश्वचषकाला गेल्या. ज्या तैवानसमोर आपल्याला उभं राहता आलं नाही, त्याच तैवानला हरवून. हे सगळं आपल्या खाडीपलीकडे घडलं.

व्हिएतनाम आणि आपल्यात त्या पंधरवड्यात फरक किती होता? चार-पाच मुलींचा.

हा चार-पाच मुलींचा फरक एका आठवड्यात पडत नाही. गिरणगावातून आलेल्या आपल्या जुन्या बायकांना 'बदली' हा शब्द ठाऊक आहे. कायम कामगार गैरहजर राहिला की फाटकावर उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आत घ्यायचे. गिरणीला बदली नेहमी मिळायचा, कारण बाहेर रांग होती. मुलींच्या खेळात ही रांगच नसते. ती का नसते, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळते. एक पाण्याच्या वेळेला नळावर असते. एकीची पाळी आहे आणि मैदानाजवळ संडास नाही. एकीला आईबरोबर कामावर जायचं आहे. एक खेळते चांगली, पण बाबा म्हणाले हाफ पँट नको. एकीचं सोळाव्या वर्षी लग्न ठरलं. सुरुवात अकरांनी होते आणि दिवाळीपर्यंत सात उरतात. मग सर म्हणतात, मुलींना आवडच नाही हो.

आवड नव्हती म्हणणाऱ्यांना इतिहास सांगावा लागतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या आणि त्यांनी कारखान्यांचे फुटबॉल संघ काढले. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलला डिक, केर कारखान्याच्या बायकांचा सामना बघायला त्रेपन्न हजार माणसं आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, कोणत्याही क्लबने त्यांना मैदान देऊ नये. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्यांनी चेंडू काढून घेतला नाही बरं का, मैदान काढून घेतलं. तेवढं पुरलं.

आपल्याकडे असा ठराव करायचीही गरज पडली नाही. १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या होत्या. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला पहिला. तेव्हा बायकांच्या फुटबॉलची संघटना वेगळी होती, पुढे ती मुख्य फुटबॉल महासंघात विलीन झाली. वाटलं होतं की मोठ्या घरात गेलो, आता चांगलं होईल. झालं काय? २००९ मध्ये जागतिक क्रमवारीतून भारतीय महिला संघाचं नावच काढून टाकलं. का, तर अठरा महिन्यांहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळवला नव्हता. लीगमध्ये तळाला गेलेल्या संघालासुद्धा खालच्या श्रेणीत ढकलण्यापूर्वी कुठे कुठे एक प्ले-ऑफ खेळायला मिळतो, स्वतःला वाचवायची शेवटची संधी. इथे न खेळवताच घसरण. सासरी गेलेल्या मुलीचं नाव रेशनकार्डावरून जसं गुपचूप कमी होतं, तसं.

आणि पुरुषांच्या भांडणाची किंमत कोणी मोजली तेही लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय महासंघाच्या कारभारावरून जागतिक संघटनेने भारतावर बंदी घातली. दहा-अकरा दिवसांत उठली. पण त्याच दिवसांत गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावं लागलं. खुर्चीचा वाद त्यांचा नव्हता.

इतकं होऊनही ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये चिआंग माईला भारताने यजमान थायलंडला २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशिया चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. या वेळी यजमान म्हणून मिळालेली जागा नव्हती, पात्रता फेरीतले चारही सामने जिंकून मिळवलेली होती. त्यातल्या एका सामन्यात मंगोलियावर तेरा गोल केले. हा तेरा आकडा मला आवडतो.

एक मात्र खटकतं. २०२२ च्या त्या पथकात मणिपूरच्या मुली होत्या, तमिळनाडूच्या, ओडिशाच्या, हरियाणाच्या, झारखंडच्या. स्पर्धा आपल्या अंगणात, आणि मुंबईची एकही नाही. मणिपूर श्रीमंत राज्य आहे म्हणून तिथे मुली खेळतात असं नाही. तिथे गावागावात मुलींना खेळताना बघायची लोकांना सवय आहे. पवईत तलाव आहे, बागा आहेत, मोठमोठ्या संस्थांची आणि संकुलांची कुंपणाआडची हिरवळ आहे. फुलेनगर, मिलिंदनगर, चैतन्यनगर, तुंगागावच्या मुलीला मात्र चेंडू घेऊन जायला जागा कुठली, तर जी मुलांनी आधीच व्यापलेली आहे ती. संध्याकाळी तिथे दहा वर्षांची मुलगी गेली तर 'ए, बाजूला हो' एवढंच ऐकते.

तर आता अर्जाचं. तो भांडुपला एस वॉर्डच्या ऑफिसात द्यायचा आहे. मसुद्यात तीन दुरुस्त्या मला सुचवायच्या आहेत. वेळ संध्याकाळी पाच ते सात लिहिली आहे. ती पाण्याची वेळ आहे. ज्या वस्तीत जेव्हा पाणी येतं ते विचारून वेळ बदला, नाहीतर पहिल्याच आठवड्यात निम्म्या मुली गळतील. दुसरं, मैदानाबरोबर संडास उघडा ठेवण्याची मागणी त्याच अर्जात घाला, वेगळ्या अर्जाने ती कधी मिळणार नाही. आणि सोबत जोडायच्या यादीत अकरा नावं आहेत. संघ अकरांचा, म्हणून अकरा, असं कोणीतरी म्हणालं. अकरा नकोत, बावीस-तेवीस लिहा. ज्यांना खेळ येत नाही त्यांचीही लिहा, ज्यांच्या घरून अजून होकार नाही त्यांच्या आयांशी या आठवड्यात आपण दोघी-दोघी जाऊन बोलू. कोणाचं लग्न घाटत असेल तर तिच्या घरी आधी जाऊ.

कोरा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना आपल्या मुलीचं, पुतणीचं, शेजारणीच्या मुलीचं नाव आणि वय लिहून जा.