महसूल कशाला म्हणायचे?

मोबाइल कंपनीचा ताळेबंद कार्यकर्त्यांना रुक्ष वाटतो. पण त्यातील एका शब्दाच्या अर्थावर सरकारी तिजोरीचे हजारो कोटी रुपये अडले होते. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवानाशुल्काऐवजी महसुलात सरकारचा वाटा ठेवला. तो ज्यावर मोजायचा, तो 'समायोजित एकूण महसूल', म्हणजेच एजीआर. व्याज व लाभांश यांचे उत्पन्नही त्यात धरावे, असे सरकारचे म्हणणे. केवळ दूरसंचार सेवेचे धरावे, असे कंपन्यांचे. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये मंत्रिमंडळानेच दूरसंचारेतर उत्पन्न यापुढे वगळण्याचे ठरविले. न्यायालयात जिंकलेला हक्क सरकारने आपण होऊन सोडला.

दुसरा शब्द 'आर्पू', म्हणजे दर ग्राहकामागे मिळणारा सरासरी महसूल. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तो वाढला, तेव्हा भागधारक सुखावले; मजुराच्या घरी मात्र त्याचे नाव महागलेले रिचार्ज एवढेच होते.

स्पेक्ट्रम जनतेच्या मालकीचा आहे. त्याच्या हिशेबाची भाषा केवळ लेखापालांवर सोपविणे लोकशाहीला परवडणारे नाही. आपल्या अभ्यासवर्गांतून हे शब्द शिकविले गेले पाहिजेत.