वापरलेल्या तेलाचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांत सोसायटीने काय केलं ते चिटणीसांनी अहवालात सांगितलंच. मला मिळालेली पाच मिनिटं मी आपल्या तरुण मंडळींच्या एका कामासाठी वापरतो. ही मुलं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरोघरी जाऊन तळणीचं उरलेलं तेल गोळा करतात.

'वाटीभर तेलाचं एवढं काय?' असं काही जण म्हणतात. आपल्या रत्नागिरीत तळणीला तोटा नाही. सुरमई, बांगडा, पाहुणे आले की कोंबडी-वडे, दिवाळीत चकल्या नि करंज्या. मासे तळलेलं तेल तर दुसऱ्या कशाला चालतच नाही. ते जातं मोरीत. तिथे साबण आणि खरकट्यात मिसळून घट्ट होतं. ऐन गणपतीत आपली ड्रेनेजची लाईन तुंबली होती, आठवतं ना? प्लंबरने काढलेले ते पांढरट गोळे आपल्याच स्वयंपाकघरातले होते. त्याचं बिलही आपणच भरलं.

बरं, फेकायचं नाही म्हणून तेच तेल पुनःपुन्हा तापवावं, तर तेही वाईट. तेल जितकं तापवावं तितके त्यात 'पोलर' नावाचे अपायकारक घटक वाढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढचं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, 'रुको' ही योजना सुरू झाली. असं तेल गोळा करायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक मिसळला की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर इंधन राहतं.

मी बँकेतला माणूस. माझा प्रश्न एकच होता, तेल शेवटी जातं कुठे? भाव चांगला देतो म्हणून भलत्याच माणसाला डबा दिला आणि ते गाळून एखाद्या भज्यांच्या गाडीवर गेलं, तर आपणच पैसे मोजून ते परत खाणार! मी हे विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आजोबा, भाव नंतर बघू. आधी नोंदणी आणि पावती बघू." मुलांनी वही घातली आहे. तारीख, घर क्रमांक, किती तेल आलं, कोणाला दिलं, सगळं त्यात आहे. मी ती तपासली, जमा-खर्च जुळतो.

आता अडचण सांगतो. आपली २४ घरं. घरटी पाव लिटर धरलं तरी महिन्याला ६ लिटरच होतात. एवढ्यासाठी नोंदणीकृत संकलकाची गाडी लांबून कशी येणार? म्हणून शेजारच्या सोसायट्या सोबत हव्यात. हे जमण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वेस्टर्ली नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळकरी मुलांनी २००८ साली असंच काम सुरू केलं आणि त्या तेलापासून झालेलं इंधन गरजू कुटुंबांना थंडीत घर उबदार ठेवायला दिलं. मुलं तिथलीही अशीच होती, मोठ्यांनी दारं उघडली इतकंच.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या. तेल पूर्ण गार करून, गाळून, झाकणाच्या बाटलीत ठेवा. त्यात पाणी जाऊ देऊ नका. कमिटीने पंपाच्या खोलीत ड्रमला जागा द्यावी आणि येत्या वार्षिक सभेत तसा ठराव करावा. आणि शेजारच्या सोसायट्यांकडे मुलांबरोबर आपल्यापैकी एखादा ज्येष्ठ जावा. नुसत्या मुलांना लोक गेटवरूनच परत पाठवतात.

पहिला मी येतो. येत्या रविवारी सकाळी दहाला, गेटपाशी.