कागद हरवला, कर्ज राहिले



आम्ही वकील नव्हे. अमरावती-अकोल्याच्या कामगारांत उमेदीची वर्षे गेली. कायदा कळला तो त्यांच्या कज्जांतून. "सावकाराचा कागद पुरात गेला म्हंते भाऊ, आता आपून सुटलो ना?" असे विचारणारे आम्हांस नेहमी भेटतात. उत्तर एकच : नाही.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांची खते जाळली. त्यानंतर 1879 चा कायदा झाला. कोर्टाने खतामागचा हिशेब तपासावा, हे त्याने ठरविले. तसेच शेतकऱ्याचे खत निबंधकासमोरच व्हावे, हेही ठरविले. म्हणजे कागदाचे दप्तर अधिकच पक्के झाले.

आज 100 रुपयांचे वा अधिक रकमेचे गहाण, मिळकतीचे कागद नुसते ठेवून केलेले वगळता, नोंदणीवाचून होत नाही. मूळ खत वाळवीने खाल्ले तरी नक्कल दुय्यम निबंधकाच्या दप्तरी राहते. धनको आधी खत झाले होते व ते गहाळ झाले, हे कोर्टाला पटवितो. मग प्रमाणित नक्कल दाखल करतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील ही मुभा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. देणे शाबीत झाले की प्राथमिक हुकूमनामा होतो, पैसे भरण्यास मुदत मिळते; न भरल्यास मिळकत लिलावात जाते. दाव्याची मुदत पैसे देणे झाल्यापासून 12 वर्षे.

पण कर्ज फिटले आणि धनकोच म्हणाला, कागद सापडत नाहीत, तर? रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी बँकांना बजावले : पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत कागद परत करा, हरवले असतील तर स्वखर्चाने नकला मिळवून द्या, त्यासाठी आणखी 30 दिवस, पुढे दिवसाला 5000 रुपये भरपाई. खासगी सावकाराला हा हुकूम लागत नाही. तेथे गरिबाच्या हाती पावतीच.

तेव्हा मंडळी, कागद हरवण्याची वाट पाहू नका. हप्ता दिला की सहीची पावती घ्या. कर्ज फिटले की फेडीचा लेख नोंदवून घ्या, सातबारावरील बोजा उतरवा. आणि हे कागद कोठल्या पेटीत आहेत, ते घरच्या बायकामुलांना आजच सांगून ठेवा.