पहिली ध्वनिमुद्रिका आणि तिचे धनी
(नभोवाणीवरील भाषण)

बैठकीत गाणे बिघडले तर ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत चार दिवस राहते आणि पुढे विरून जाते. ध्वनिमुद्रिकेचे तसे नाही. सूर एकदा तबकडीवर उतरला की तो गाणाऱ्याच्या हातून सुटला. तो कोणाच्या घरी वाजेल, किती वर्षे वाजेल आणि त्याचे पैसे कोणाच्या पदरी पडतील, हे पुष्कळदा गाणाऱ्याला ठाऊकही नसते. म्हणून कलावंताच्या आयुष्यात पहिली ध्वनिमुद्रिका ही जितकी आनंदाची तितकीच जोखमीची घटना असते. आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते अशाच एका पहिल्या ध्वनिमुद्रिकेविषयी. इंग्लंडातील मँचेस्टर शहराच्या परिसरात १९७९ साली ती तयार झाली. ती करणाऱ्या चौघा तरुणांच्या रॉक बँडचे नाव ‘जॉय डिव्हिजन’ आणि ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘अननोन प्लेझर्स’.

रॉक संगीत आपल्यापैकी कित्येकांच्या कानांना कर्कश वाटत असेल. ते आवडलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. परंतु या चौघांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो आपल्यालाही परका नाही. आपल्या कलेचे धनी आपणच राहावयाचे तर त्यासाठी काय करावे लागते, हा तो प्रश्न. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून आपल्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता.

मँचेस्टर हे एके काळी कापडगिरण्यांचे शहर. १९७० नंतरच्या दशकात त्या गिरण्यांची रया गेली होती. गाण्याचा धंदा होता लंडनला. मोठ्या कंपन्यांची पद्धत अशी की, ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनीने करावा, कलावंताला काही रक्कम आगाऊ द्यावी, आणि पुढे विक्रीतून त्याला जो लहानसा हिस्सा मिळावयाचा त्यातून ती वळती करून घ्यावी. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राही. म्हणजे खर्च फिटला तो कलावंताच्या हिश्शातून, आणि वस्तू झाली कंपनीची! या पद्धतीबाहेर राहून जे आपली ध्वनिमुद्रिका काढू लागले त्यांना स्वतंत्र बँड असे म्हणू लागले.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते. पण त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन मित्र होते. वाजविणारे काही मोठे वादनपटू नव्हते, आणि नेमकी तीच गोष्ट या दोघांना धीर देऊन गेली. हुक याने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. पुढे मॅकल्सफील्ड या गावचे दोघे त्यांना येऊन मिळाले. गायक इयान कर्टिस आणि ड्रम वाजविणारा स्टीव्हन मॉरिस हे ते दोघे.

त्याच शहरातील ‘बझकॉक्स’ या बँडने १९७७ च्या जानेवारीत एक लहान ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि १,००० प्रती छापून घेतल्या. वेष्टनावर प्रत्येक गाणे कितव्या खेपेस ध्वनिमुद्रित झाले तेही छापले. जणू वाचणाऱ्याला सांगितले, ‘यात जादू काही नाही, तुम्हालाही हे करता येईल.’ त्या प्रती हातोहात गेल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या.

जॉय डिव्हिजनच्या मंडळींनी तोच मार्ग धरला. १९७७ च्या डिसेंबरात ओल्डहॅम येथे त्यांनी चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९७८ साली ती स्वखर्चाने बाजारात आणली. वेष्टनाच्या घड्या घालण्याचे कामही त्यांनी हातांनी केले. तबकडी वाजवून पाहिली तो आवाज मिणमिणता! याचे कारण तबकडीच्या घडणीतच होते. सुई ज्या चरीतून फिरते ती चर, आवाज जितका भारदस्त तितकी जास्त जागा मागते. सात इंची तबकडीवर चार गाणी कोंबली की चरी एकमेकींना खेटून बसवाव्या लागतात आणि आवाज बारीक करावा लागतो. तीच गाणी त्यांना पुढे बारा इंची तबकडीवर पुन्हा काढावी लागली. स्वातंत्र्याचा हा पहिला धडा होता. दोष द्यावयास दुसरे कोणी नव्हते आणि नुकसान सर्वस्वी आपलेच होते.

दुसरा धडा उलट दिशेने मिळाला. १९७८ सालीच आर. सी. ए. या बड्या कंपनीसाठी त्यांनी एक संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला. निर्मात्यांनी त्यात सिंथेसायझरचे सूर मिसळले. ते या मंडळींना मुळीच रुचले नाहीत. तेव्हा ते काम त्यांनी सोडून दिले आणि ध्वनिफिती सोडवून घेण्यासाठी पदरचे पैसे मोजावयास सिद्ध झाले. ज्यांना उपजीविकेसाठी दिवसा नोकऱ्या कराव्या लागत होत्या त्यांनी हाती आलेला अल्बम नाकारावा, याला धाडस लागते.

याच सुमारास टोनी विल्सन हा गृहस्थ पुढे आला. तो ग्रॅनाडा या दूरचित्रवाणी कंपनीत निवेदक होता. अ‍ॅलन इरॅस्मस या मित्राबरोबर त्याने ‘फॅक्टरी’ नावाची संस्था काढली. कचेरी म्हणजे इरॅस्मसची राहती जागा! त्यांचा करार अगदी साधा होता. खर्च वजा जाता नफा निम्मा संस्थेचा, निम्मा कलावंतांचा. कलाकृतीची मालकी कलावंतांची. आणि ज्याला सोडून जावयाचे असेल त्याला मोकळीक. व्यापारी माणसाने हा कागद पाहिला असता तर कपाळाला हात लावला असता. या कागदाची कथा पुढे येणारच आहे.

१९७९ च्या एप्रिलमध्ये स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत पहिल्या अल्बमचे काम सुरू झाले. निर्माता होता मार्टिन हॅनेट. बझकॉक्सची ती ५०० पौंडांची ध्वनिमुद्रिकाही त्याच्याच हातून उतरली होती. मोठा कल्पक आणि तितकाच लहरी माणूस. रंगमंचावर हे चौघे वाजवीत ते दणदणीत आणि वेगाने. हॅनेटने त्यांचे संगीत उलगडून निरनिराळे केले. प्रत्येक ड्रमचा आवाज शेजारच्या आवाजात मिसळू नये म्हणून तो वेगळा घेतला. ध्वनी किंचित लांबवून परत ऐकविणारे, तेव्हा अगदी नवीन असलेले यंत्र वापरले. काच फुटल्याचा आवाज घेतला. दोन वाद्यांच्या मध्ये त्याने एवढी मोकळी जागा ठेवली की, एखाद्या ओसाड गिरणीत कोणी एकटाच वाजवीत असावा असा भास व्हावा.

आणि गंमत अशी की, आपला पहिला अल्बम ऐकून समनर आणि हुक हे दोघेही नाराज झाले. आपल्या वादनातला जोर हॅनेटने काढून घेतला, असे त्यांचे म्हणणे पडले. आता कोणी विचारील, आर. सी. ए. च्या निर्मात्यांनी ढवळाढवळ केली ती नाकारली, मग हॅनेटची का सोसली? याचे उत्तर मला असे दिसते. हॅनेट स्वतः फॅक्टरीत भागीदार होता. अल्बम बुडाला असता तर तोही बुडणार होता. जो आपल्याबरोबर नुकसान सोसणार आहे त्याच्या मताला वजन देणे हे दास्य नाही. शिवाय कान पुष्कळदा सवयीचे गुलाम असतात. त्या मोकळ्या, गार आवाजामुळेच हा अल्बम आजही लोक ऐकतात, आणि पुढे हुक यानेही हॅनेटचे श्रेय मान्य केले. कलावंताला आपल्या कामाविषयी अखेरचा शब्द असावा. पण तो शब्द प्रत्येक वेळी ‘नाही’ असाच असावा असे नव्हे.

या खटाटोपामागे एक दुःखही होते. कर्टिस हा मॅकल्सफील्डच्या सरकारी रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याच्या विभागात होता. तेथे येणारी एक तरुणी अपस्माराने पीडित होती. ती दगावल्याचे कळले तेव्हा त्याने तिच्यावर गाणे लिहिले. ते या अल्बममध्ये आहे. त्यानंतर १९७८ च्या अखेरीस त्याला स्वतःलाच झटका आला आणि १९७९ च्या जानेवारीत डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले. स्टुडिओत तो गायला तेव्हा ते गाणे दुसऱ्या कोणाविषयी राहिले नव्हते. नोकरी, रात्रीचे कार्यक्रम, प्रवास, औषधे आणि घरी नुकतीच जन्मलेली मुलगी, एवढा भार त्या २२ वर्षांच्या तरुणाच्या अंगावर होता.

वेष्टन केले पीटर सॅव्हिल याने. समनरला खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात एक आकृती आढळली होती. जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला १९६७ साली केंब्रिज येथे ज्या ताऱ्याचे नियमित स्पंद प्रथम आढळले, त्याच्या स्पंदांचे ते आलेखन. सॅव्हिलने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा उमटवल्या आणि दर्शनी बाजूस बँडचे नाव वा अल्बमचे नाव काहीच घातले नाही. दुकानात माल ओळखू कसा यावा? कोणत्याही विक्रेत्याने हाच आक्षेप घेतला असता. येथे तो घेणारे कोणी नव्हते.

१५ जून १९७९ रोजी अल्बम प्रसिद्ध झाला. विल्सनने साठविलेले ८,५०० पौंड त्यात घातले आणि पहिल्याच खेपेस १०,००० प्रती काढल्या. छोट्या संस्थेच्या मानाने हा आकडा मोठाच. आरंभी विक्री सावकाश होती; न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे इरॅस्मसच्या घरात पडून होते. त्याच वर्षी पुढे ‘ट्रान्समिशन’ हे वेगळे गाणे आले, लोकांचे लक्ष गेले, गठ्ठे हलले आणि आणखी प्रती छापाव्या लागल्या.

परंतु कर्टिसला हे यश फार दिवस पाहता आले नाही. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, २३ व्या वर्षी त्याने आपले जीवन संपविले. आजारी सोबत्याला विश्रांती हवी आहे, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते; ते सोबत्यांनी आणि घरच्यांनीच ओळखावे लागते. उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ हा नवा बँड काढला.

आता त्या कागदाची कथा. १९९२ साली फॅक्टरी बुडाली. लंडन रेकॉर्ड्स ही कंपनी तिला विकत घेण्याच्या विचारात होती. कागदपत्र पाहता असे आढळले की, न्यू ऑर्डरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर फॅक्टरीची मालकीच नाही. ती वाजविणाऱ्यांची आहे! जो करार व्यवहारशून्य ठरावा त्यानेच कलावंतांची मिळकत बुडत्या जहाजातून बाहेर काढली. मात्र हेही सांगितले पाहिजे की, जे वेळीच चोख ठरले नाही त्याने त्रासही दिला. हुक बँड सोडून गेल्यावर नावाच्या उत्पन्नातील वाट्यावरून जुने मित्र न्यायालयात उभे राहिले, आणि ते प्रकरण २०१७ साली तडजोडीने मिटले.

श्रोतेहो, आता ध्वनिमुद्रणाला स्टुडिओच लागतो असे नाही. पणजी असो, बेळगाव असो, बडोदे, इंदूर वा हैदराबाद असो, चार मुले घरच्या संगणकावर गाणी ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवू शकतात. तबकडीच्या चरीची चिंता गेली आणि गठ्ठे ठेवावयास कोणाचे घर अडवावे लागत नाही. जुना प्रश्न मात्र शिल्लकच आहे, आणि तो उत्साहाच्या भरात मागे पडतो. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी असा पहिला अल्बम काढण्याच्या तयारीत असेल, तर त्या संगीताविषयी आपले मत काहीही असो, एवढे अवश्य विचारावे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, खर्च कोणी केला, मूळ ध्वनिमुद्रण कोणाच्या नावे, बँडचे नाव कोणाचे, आणि उद्या चौघांतला एक निघून गेला तर त्याचा वाटा काय? याची उत्तरे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. हे काम अल्बम निघण्यापूर्वीच करावे. कारण तेव्हा वाटून घ्यावयास पैसे नसतात आणि मैत्री भरपूर असते.