परदेशीं विद्यापीठाकडे लिहिलेलें एक पत्र

विद्येसाठीं समुद्र ओलांडावा कीं ओलांडूं नये, हा प्रश्न दीडशें वर्षांपूर्वीं पुण्यांत धर्मशास्त्राचा होता. आज तो कागदपत्रांचा, पैशाचा आणि मुदतीचा झाला आहे. सदाशिव पेठेंत किंवा कोथरुडांत एखाद्या घरची मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षांत गेली, कीं त्या घरीं जेवतांना बोस्टन, म्यूनिक, मँचेस्टर हीं नांवें निघूं लागतात. वडील खर्चाचा अंदाज घेतात, आई थंडीची काळजी करते, आजी तेथें खायला काय मिळतें तें विचारते, आणि मुलगी रात्रीं उशिरापर्यंत अर्ज भरीत बसते. नांव, जन्मतारीख, गुण हे रकाने झटकन भरून होतात. एक पान मात्र असें येतें, कीं तेथें हात थांबतो. तुम्ही कोण, आमच्याच विद्यालयांत कां येऊं इच्छितां, आणि येथें शिकून पुढें काय करणार, असे तीन प्रश्न तें पान विचारतें. इंग्रजींत त्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात; मराठींत उद्देशपत्र म्हणतां येईल. आजचें भाषण मुख्यतः या एका पानाविषयीं आहे.

हें पान कसें लिहावें याचा उत्तम धडा एका मराठी स्त्रीनेंच घालून दिला आहे. २८ सप्टेंबर १८८३ या दिवशीं अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे एक कार्यवाह आल्फ्रेड जोन्स यांना तिनें इंग्रजींत एक पत्र लिहिलें. तिचें वय तेव्हां अवघें अठरा वर्षांचें होतें. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ रोजीं त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षीं लग्न झालें. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळती तर मूल वांचलें असतें, ही जाणीव त्यांच्या पुढच्या सर्व आयुष्याच्या मुळाशीं होती.

त्या पत्राच्या आधीं आणखी एक अर्ज होऊन गेला होता, आणि तो फसला होता. आनंदीबाईंचे पति गोपाळराव हे पोस्टखात्यांत नोकरीस होते. कोल्हापुरास असतांना त्यांनीं रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठीं व स्वतःच्या नोकरीसाठीं साहाय्य मागितलें. धर्मांतराची तयारी असल्यास पाहूं, अशा आशयाचें उत्तर आलें, आणि तें गोपाळरावांस मान्य नव्हतें. परंतु वाइल्डर यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला. १८८० मध्यें न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे गेल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. त्यांनीं आपण होऊन पत्र धाडलें, आणि एका अनोळखी घरचें दार उघडलें. नकार आलेला कागदही कोठें तरी वाचला जातो, हें ज्या मुलांना पहिल्याच नकारानें जग संपल्यासारखें वाटतें त्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

गोपाळरावांची बदली बंगालमध्यें श्रीरामपुरास झाली होती. तेथील कॉलेजच्या सभागृहांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण केलें आणि आपण अमेरिकेस कां जाणार तें लोकांपुढें मांडलें. लोकांच्या आक्षेपांना त्यांनीं एकेक करून उत्तर दिलें. आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं, असेंही त्यांनीं बजावलें. एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून त्या बोटीवर चढल्या. बरोबर पति नव्हते, नातलग नव्हते. ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्यावर उन्हाळा त्यांनीं कार्पेंटरबाईंच्या घरीं काढला, आणि मग तें पत्र लिहिलें. मूळ पत्र आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे.

त्या पत्राचें मर्म काय? प्रवेशास लागणाऱ्या सर्व अटी कदाचित् आपल्याकडून पुऱ्या होणार नाहींत, हें त्यांनीं स्वतःच सांगून टाकलें. त्यांच्याजवळ शाळेचें रीतसर प्रमाणपत्र नव्हतें. तें असल्याचा आव त्यांनीं आणला नाहीं. आपलें शिक्षण किती व कसें झालें तें त्यांनीं लिहिलें, आणि आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार करून घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांच्यासाठीं आपण हें शिक्षण मागत आहों, असें सांगितलें. ओळखीच्यांचा व जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलों, त्या निश्चयाचें कांहीं मोल धरावें, अशी त्यांची विनंति होती. पत्रांत कोठें आर्जव नाहीं, कोठें बढाई नाहीं. विद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांना प्रवेश दिला आणि सहाशें डॉलरची शिष्यवृत्तिही दिली.

आतां आजच्या उद्देशपत्रांकडे पाहावें. हें पान दुसऱ्याकडून लिहून घेण्याची सोय आज गल्लोगल्लीं झाली आहे. पैसे घेऊन तें लिहून देणारे आहेत, आणि क्षणांत मजकूर जुळवून देणारीं यंत्रेंही आहेत. भाषा सफाईची असते. परंतु त्या पानावरचें नांव बदललें तरी कांहीं बिघडत नाहीं, हाच त्याचा दोष. लहानपणापासून यंत्रांची आवड होती, हें वाक्य हजार अर्जांत असतें. उलट एखाद्या विद्यार्थ्यानें बंडगार्डनजवळ मुळामुठेच्या पाण्याचे नमुने दोन पावसाळे तपासले, त्यांत अमुक एक गोष्ट त्याला उलगडली नाहीं, आणि ती उलगडण्याचें काम ज्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेंत चालतें तेथें त्याला जावयाचें आहे, असें तो लिहील, तर तें पान फक्त त्याचेंच होईल. एखाद्या सत्रांत गुण घसरले असतील तर त्याचें कारण दोन ओळींत सांगावें. लपवूं नये आणि रडगाणेंही गाऊं नये. वाचणारा परीक्षक हजारों मैलांवर बसलेला असतो. त्याला पुण्याची पेठ ठाऊक नसते, घराणें ठाऊक नसतें. त्याच्यापुढें माणूस उभा राहतो तो त्या एका पानावर.

उद्देशपत्राला जोड लागते ती शिफारसपत्रांची. येथें पुष्कळांची समजूत अशी असते, कीं शिफारस करणारा जितका मोठ्या हुद्द्याचा, तितकें पत्र वजनदार. ती बरोबर नाहीं. १९१६ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें गेले, तेव्हां कोलंबियाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनीं लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयीं पत्र लिहिलें. सेलिग्मन मोठे होते हें खरेंच. परंतु त्या पत्राचें बळ यांत होतें, कीं त्यांनीं या विद्यार्थ्याला स्वतः शिकविलें होतें आणि त्याचें काम पाहिलें होतें. म्हणून ज्या अध्यापकांनीं आपली वही तपासली, आपला प्रकल्प पाहिला, त्यांच्याकडेच जावें. मुदतीच्या दोन महिने आधीं जावें, आणि आपण काय काम केलें त्याचें टिपण त्यांच्या हातीं द्यावें. मुदतीच्या आदल्या रात्रीं मागितलेलें पत्र आदल्या रात्रीसारखेंच घाईचें उतरतें.

मुदतीचा विचार उलट्या बाजूनें करावा लागतो. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांचें वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरांत सुरू होतें, पण त्यांचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारींतच बंद होतात. त्याच्या आधीं इंग्रजीची परीक्षा व्हावयाची, विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती यावयाच्या, कांहीं विभागांसाठीं जी. आर. ई. द्यावयाची. जर्मनीस जाणाऱ्यांना नोव्हेंबर १९२२ नव्हे, तर नोव्हेंबर २०२२ पासून ए. पी. एस. या संस्थेकडून आपलीं प्रमाणपत्रें तपासून घेण्याची नवी अट पाळावी लागते. म्हणजे पुढच्या वर्षीं जावयाचें असेल त्यानें आदल्या वर्षाच्या उन्हाळ्यांतच तयारीस लागावें.

मग येतो पैसा. आनंदीबाईंच्या प्रवासासाठीं वर्गणी जमली, आणि तींत व्हाइसरॉयांनींही दोनशें रुपये घातले. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्यें बर्लिनला मानववंशशास्त्र शिकावयास गेल्या, त्या कर्ज काढून. महर्षि कर्वे हे त्यांचे सासरे. स्त्रीशिक्षणासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांनाही सुनेचें हें जाणें पसंत नव्हतें. पति दिनकरराव मात्र पाठीशीं उभे राहिले. जर्मनींतून त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या आणि पुढें १९३९ पासून येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं आपल्या विषयाचा पाया घातला. तें कर्ज वाया गेलें असें कोण म्हणेल?

परंतु कर्ज आणि शिष्यवृत्ति यांच्या कागदावरील बारीक अक्षरें आधीं वाचावींत. बाबासाहेबांना १९१३ मध्यें बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति मिळाली ती महिना साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांची. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. मुदत संपली आणि १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. परंतु निघण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळविली. पुढें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत शिकवून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें व एका मित्राचें साहाय्य घेतलें, आणि १९२० मध्यें ते परत गेले. १९२३ मध्यें ते लंडन विद्यापीठाचे डी. एस्‌सी. झाले. वेळीं मागितलेल्या एका परवानगीनें तुटलेला धागा जुळला.

आजही वाटा आहेत. जमशेटजी टाटा यांनीं १८९२ मध्यें सुरू केलेला निधि परदेशीं शिकणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ति देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं राज्य सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ति आहे, आणि समाजकल्याण आयुक्तालय तर पुण्यांतच आहे. जर्मनींत बहुतेक सरकारी विद्यापीठें शिक्षणशुल्क घेत नाहींत. पण राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीं बँकेंत अडकवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्यें ती वर्षाला ११,९०४ युरो ठरली. इंग्लंडच्या व्हिसासाठीं लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यांत असावी लागते. सत्ताविसाव्या दिवशीं ती काढली तर सारी खटपट फुकट जाते. अमेरिकेंतील विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज पाहूनच व्हिसाला लागणारा कागद पाठवितें. यांतली कोणतीही गोष्ट कठीण नाहीं. परंतु घरांतल्या एका माणसानें वहीवर तारखा मांडून बसणें अवश्य आहे.

आतां आनंदीबाईंच्या पत्रांतील एका वाक्याकडे वळणें भाग आहे. आपली प्रकृति चांगली आहे, असें त्यांनीं त्या पत्रांत लिहिलें होतें. वस्तुतः बंगालमध्यें असतांनाच त्यांना अशक्तपणा, डोकेदुखी आणि ताप यांचा त्रास होत असे; कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं होतीं. बाकी सर्व उणिवा ज्या मुलीनें निर्भयपणें सांगितल्या, तिला ही एक उणीव स्वतःलाही सांगवली नसावी. फिलाडेल्फियाची थंडी, अपरिचित अन्न आणि अभ्यासाचा ताण यांनीं त्या खंगल्या. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. कोल्हापूर दरबारनें तेथील रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली. त्या स्वदेशीं परतल्या त्या क्षयानें जर्जर होऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं याच पुण्यांत त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. एकाही रुग्णावर त्यांना कोल्हापुरांत उपचार करतां आले नाहींत.

यावरून परदेशीं जाऊंच नये, असा बोध कोणी काढील तर तो आनंदीबाईंवर अन्याय होईल. बोध निराळा आहे. जाणाऱ्याला अर्ज दोन लिहावे लागतात. एक विद्यापीठाकडे, आणि दुसरा आपल्याच घराकडे. पहिल्यांत उद्देश खरा असावा. दुसऱ्यांत प्रकृति, पैसा आणि मनाची तयारी यांचा हिशेब तितकाच खरा असावा. पहिला अर्ज तपासणारे परीक्षक नेमलेले असतात. दुसरा कोणी तपासीत नाहीं, म्हणून तो बहुधा लिहिलाच जात नाहीं. एकट्यानें आजारी पडल्यास काय करावयाचें, पहिल्या वर्षीं नोकरी न मिळाल्यास हप्ते कोण फेडणार, मन उदास झाल्यास फोन कोणाला करावयाचा, हे प्रश्न अशुभ मानून टाळण्याची आपल्या घरांतून रीत आहे. विमानतळावर जाण्यापूर्वींच ते विचारले गेले, तर मुलीला तिकडून घरीं खरें सांगण्याचा धीर राहील.

रात्रीं अर्ज भरीत बसलेल्या मुलाजवळ म्हणूनच आईबापांनीं घटकाभर बसावें. त्याचें उद्देशपत्र त्याला मोठ्यानें वाचावयास सांगावें. तें ऐकून आपलाच मुलगा बोलत आहे असें वाटलें, तर तें पत्र पाठविण्यास योग्य झालें. आणि मग पोटांत ठेवलेलें जें कांहीं असेल, तेंही त्याच बैठकींत बोलून टाकावें.