जनरल भोसले यांची दुसरी कामगिरी



 आज पदवी हातात घेणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांशी मला कोकणातल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. ते म्हणजे जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले.

जन्म 1906चा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. डेहराडूनच्या लष्करी शाळेत शिकून ते सँडहर्स्टला गेले आणि ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी हिंदी तरुणाला तो दरवाजा क्वचितच उघडायचा. पुढचं आयुष्य सरळ रेषेत गेलं असतं. पण दुसऱ्या महायुद्धात, 15 फेब्रुवारी 1942 रोजी, सिंगापूर पडलं. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानात 40,000हून अधिक हिंदी सैनिक जपान्यांच्या हवाली झाले. लेफ्टनंट कर्नल भोसले त्याच पराभवात सापडलेले अधिकारी. पुढे ते आझाद हिंद सेनेत आले. 21 ऑक्टोबर 1943ला नेताजींनी आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर केलं, तेव्हा सैन्याच्या प्रतिनिधींमध्ये त्यांचं नाव होतं. आझाद हिंद सेनेचे ते चीफ ऑफ स्टाफ.

1945मध्ये ही सेनाही हरली. त्याच युद्धात अमेरिकी नौदलातला जॉन केनेडी नावाचा तरुण अधिकारी लढत होता. तो घरी परतला आणि 1946 साली वीर म्हणून थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेला. आपल्याकडे आझाद हिंद सेनेचे सैनिक परतले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, पण स्वतंत्र भारताच्या सैन्याने त्यांना पुन्हा रुजू करून घेतलं नाही. चाळिशीतल्या, सगळं आयुष्य वर्दीत काढलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं?

भोसले 1952च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले आणि त्यांच्याकडे पुनर्वसन खात्याचं उपमंत्रिपद आलं. त्या काळात पुनर्वसन म्हणजे काय, हे कल्याणकरांना वेगळं सांगायला नको. विठ्ठलवाडीच्या पुढे महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळपास 1 लाख माणसं तिथे उतरवली गेली. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. एकेका बराकीत पडदे लावून कित्येक कुटुंबं राहिली. मोठी माणसं धंद्याच्या शोधात फिरत आणि मुलं दिवसभर मोकळी. अशा वसाहती देशभर होत्या आणि त्यांची जबाबदारी याच खात्यावर होती.

भोसल्यांची नजर गेली ती या मुलांकडे. 1954मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात, विस्थापित स्त्रिया-मुलांसाठी चालणाऱ्या कस्तुरबा निकेतनात, त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. सकाळची कवायत, व्यायाम, समूहगीतं, स्वच्छता, आणि मुलांवर लक्ष ठेवणारे शिक्षक. ही योजना नंतर निर्वासितांच्या वस्त्यांपलीकडे पोचली, राज्याराज्यांतल्या शाळांमध्ये गेली. तिच्या शिक्षकांसाठी अलवरजवळ सरिस्क्याला प्रशिक्षण केंद्र निघालं.

शाळेत कवायत कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. केवळ हुकूम पाळायला शिकवणारी शिस्त मलाही मान्य नाही. पण घर, गाव, भाषा मागे टाकून आलेल्या आठ वर्षांच्या पोराला रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी नावाने हाक मारतं, रांगेत त्याची जागा राखून ठेवतं, याची किंमत मला फार मोठी वाटते. सैन्यात शिकलेलं सगळं भोसल्यांनी या कामात ओतलं.

1957ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कोकणातून काँग्रेस वाहून गेली. रत्नागिरीतून प्रेमजीभाई आशर आणि राजापुरातून नाथ पै निवडून आले. भोसले लोकसभेत नव्हते, मंत्रिपदही गेलं. योजनेचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. 1963मध्ये ते वारले, तोवर ते त्यातच होते. दोन वर्षांनी ती योजना इतर उपक्रमांबरोबर एका नव्या राष्ट्रीय कार्यक्रमात विलीन झाली आणि तिचं नावही मागे पडलं. आझाद हिंदच्या सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळू लागलं ते 1972पासून. जनरल तेव्हा हयात नव्हते.

या सगळ्याची आठवण हरवू नये म्हणून तुमच्याकडे माझी एक मागणी आहे. तुमच्या वर्गात उल्हासनगरची मुलं-मुली आहेत. त्यांच्या आजी-आजोबांपैकी जे बराकीत वाढले, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. या सुट्टीत त्यांच्याकडे जा. त्यांना बराकीतल्या शाळेबद्दल विचारा, शिक्षकांबद्दल विचारा, आणि त्यांची परवानगी घेऊन ऐकलेलं तारखांसकट लिहून काढा. 1864पासून चालत आलेलं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आपल्याजवळच आहे. तुमच्या वह्या तिथे घेऊन जा.